गॅस कुठे जातो?

फ्रीज चालू आहे, दार उघडले की आतला दिवा लागतो, मागे घुर्र आवाजही येतो, पण पाणी काही गार होत नाही, अशी तक्रार चारचौघांत केली की निदान एक तरी जाणकार लगेच सांगतो, "गॅस संपला असेल. भरून घ्या." हा स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा संस्कार. सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. फ्रीजमधला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. कारखान्यात एकदा भरला की तोच शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस तांब्याच्या बारीक नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो. आतली उष्णता शोषून वायू होतो, कॉम्प्रेसरने दाबला की तापतो, मागच्या काळ्या जाळीत ती उष्णता खोलीच्या हवेत सोडून पुन्हा द्रव होतो आणि पुन्हा आत जातो. तो कमी झाला असेल तर एकच अर्थ निघतो, कुठेतरी भोक आहे. ते शोधायचे सोडून नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

या गळतीचा मागोवा घेत गेलो तेव्हा दीडदोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला, आणि त्याचे एक टोक निघाले आमच्या घाटावरच्या हुबळी-धारवाडात. (हुबळी २०१४ पासून कागदोपत्री हुब्बळ्ळी झाली आहे. आम्हा गोवेकरांच्या तोंडी अजून हुबळीच आहे, तेव्हा इथेही तीच राहू दे.)

थंडी विकत घेण्याची हौस जुनी आहे. अकबराच्या दरबारात पाणी गार करण्यासाठी सोरा वापरत. बंदुकीच्या दारूत लागणारा सोरा पाण्यात विरघळला की पाणी थंड पडते, आणि त्यात बुडवून फिरवलेल्या सुरईतले पिण्याचे पाणीही. अबुल फजलने ही कृती 'ऐन-ई-अकबरी'त नोंदवून ठेवली आहे. १५८६ नंतर दरबार लाहोरात असताना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला. तो होडीतून, गाडीतून आणि माणसांच्या खांद्यावरून आणत. अर्थात ही बादशाही चैन. रयतेला माठ होता.

मग १८३३ साली एक अजब गोष्ट घडली. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने तिथल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ करवतीने कापून 'टस्कनी' नावाच्या जहाजात भरला आणि तो कोलकात्याला धाडला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, वर लाकडाचा भुसा आणि गवताचे वेष्टण. निघताना सुमारे १८० टन होता, पोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास उरला होता. तरीही धंदा फायद्याचा ठरला! मुंबईतही हा अमेरिकन बर्फ आला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, ही हकिकत मुंबईच्या इतिहासात आवडीने सांगितली जाते. मद्रासची १८४२ ची बर्फाची वखार अजून उभी आहे. विवेकानंद तिथे राहून गेले म्हणून आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे आपल्याकडेच वाफेच्या यंत्रावर बर्फ होऊ लागला आणि १८८० च्या दशकात हा समुद्रावरून येणारा बर्फ बंद पडला.

आमच्या गोव्यात सामान्य घराला या बर्फाचा काही गंध नव्हता आणि त्यावाचून काही अडलेही नव्हते. पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत. हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आपण आपलासा केलेला. खारवलेली सुंगटे, बांगडे, सोलां, आंबोशी, मिठातली तोरां, चिंचेचे गोळे. मे महिन्याच्या अखेरीस ही साठवण पुरी झाली की मग चार महिने समुद्र खवळलेला असला तरी ताटात काही ना काही पडत असे. मीठ, ऊन आणि धूर हाच आमचा फ्रीज. धारवाडचा पेढासुद्धा याच जातीचा. खवा लालसर होईपर्यंत परतून परतून त्यातले पाणी उडवायचे, की तो प्रवासात टिकतो. फ्रीजमध्ये ठेवला तर उलट कडक होतो.

यंत्राने थंडी करायची तर असा पदार्थ हवा जो सहज उकळेल आणि दाबला की सहज द्रव होईल. सुरुवातीला अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड हे वापरले गेले. तिन्ही विषारी. कारखान्यात ठीक, पण घराच्या स्वयंपाकघरात? बर्लिनमधले एक कुटुंब फ्रीजच्या गळतीमुळे झोपेतच मेल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन अस्वस्थ झाला आणि त्याने लिओ झिलार्डबरोबर फिरता भागच नसलेला फ्रीज आखला, असे सांगतात. फिरता भाग नाही तर झिजणारा सांधा नाही, सांधा नाही तर गळती नाही. १९३० मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. तो फ्रीज बाजारात काही आला नाही. सापेक्षतावाद सांगणाऱ्या माणसाने सांध्यांतल्या गळतीवर डोके खाजवले, ही गोष्ट मला तरी त्याच्या इतर मोठेपणाइतकीच मोठी वाटते.

बाजी मारली ती टॉमस मिजलीने. जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या या रसायनतज्ज्ञाने १९२८ च्या सुमारास एक असा वायू शोधला जो विषारी नाही, पेटत नाही, वास येत नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये भर सभेत त्याने तो छातीभर ओढून घेतला आणि सोडलेल्या श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि ज्वालाग्राही नाही, हे दोन्ही मुद्दे एका फुंकरीत सिद्ध! हाच फ्रिऑन, मेकॅनिकांच्या भाषेत आर-१२. (पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची कल्पनाही याच गृहस्थाची.) आता फ्रीज गळला तरी घरात कोणी मरणार नव्हते. गळका फ्रीज ही भीतीची गोष्ट उरली नाही, नुसती खर्चाची झाली. 'गॅस भरून घ्या' या वाक्याचा जन्म इथला, असे मी मानतो.

गोव्यात या गोष्टीला एक फाटा फुटतो. मुरगाव ते कॅसलरॉक ही रेल्वे १८८८ मध्ये पुरी झाली आणि लोंढ्यावरून हुबळीशी आमचा संबंध जुळला. मिरची, कांदा, कापड सारे त्या बाजूने. १९५५ साली सत्याग्रहानंतर भारताने सीमा बंद केली आणि ही गाडीही थांबली. मग गोव्यात बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून येऊ लागले, हे आमच्या आधीच्या पिढीने पुष्कळदा ऐकवलेले आहे. खनिजाचा पैसा होता, बंदर उघडे होते, तेव्हा ज्याला परवडे त्याला युरोपातली यंत्रे मिळत. त्याच काळात सीमेपलीकडे भारतात परदेशी वस्तूंवर कडक निर्बंध होते, आणि गोदरेजने देशी फ्रीज करायला नुकतीच, १९५८ मध्ये, सुरुवात केली होती.

आमच्या वाड्यावरच्या भाटकाराच्या घरात असला एक युरोपीय फ्रीज मी लहानपणी पाहिलेला आहे. तो विजेवर नव्हे, घासलेटवर चालायचा. खाली वात, वर कपाट. म्हणजे दिवा पेटवून बर्फ करायचा! हे ऐकून आम्हा पोरांना तो चेटकाचाच प्रकार वाटे. युक्ती अशी की अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, वातीच्या उष्णतेने तो पाण्यातून सुटतो, वर जाऊन द्रव होतो, आणि हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा वायू होताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही. प्लाटेन आणि म्युंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे शोधले. ज्या गावात वीज नाही तिथे हा फ्रीज वरदान होता. मी पाहिला तोवर तो मेलेला होता, आणि भाटकारीण त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवत असे. पुरुमेंतानेच फ्रीज गिळला म्हणायचे.

भारतात पुढची तीसेक वर्षे फ्रीज ही चैनीची वस्तू म्हणूनच मोजली गेली. गोदरेज, केल्व्हिनेटर, ऑल्विन, व्होल्टास अशी चारदोन नावे. लग्नात फ्रीज दिला तर गावभर चर्चा. घरात तो स्वयंपाकघरात नसे, बैठकीच्या खोलीत असे, वर क्रोशाचे आवरण आणि त्यावर फुलदाणी. १९९१ नंतर चित्र पालटले. कोरियन कंपन्या उतरल्या आणि 'जुना द्या, नवा घ्या' योजनांचा पूर आला. हे जुने फ्रीज गेले कुठे? भंगारात थोडे. बाकीचे रंग मारून, नवे रबर लावून छोट्या शहरांतल्या सेकंडहँड दुकानांत जाऊन बसले. हुबळीसारख्या व्यापारी गावात तर असा माल चारही दिशांनी येतो.

असाच एक २०११ च्या एप्रिलमध्ये माझ्या ताईच्या घरी आला. ताई लग्न होऊन धारवाडला गेली त्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. भावोजी निवृत्त, मधुमेही, आणि त्याच वर्षी त्यांना इन्सुलिन सुरू झाले. त्यांचा आधीचा फ्रीज पार मोडला होता. पेन्शनीत नवा बसत नव्हता, म्हणून हुबळीच्या एका दुकानातून साडेतीन हजारांना १६५ लिटरचा एकदारी फ्रीज आणला. एक महिन्याची हमी तोंडी. पहिले तीन आठवडे बर्फ छान पडला. पाचव्या आठवड्यात दूध नासले. दुकानदाराने आठशे रुपये घेऊन 'गॅस भरून' दिला. पुन्हा तीन आठवडे थंडी, पुन्हा तेच. मी रजा टाकून गेलो तेव्हा भावोजींच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या तीन बाटल्या शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये होत्या आणि चालू बाटली ताईने कोपऱ्यातल्या ओल्या वाळूत, मातीच्या मडक्यात ठेवली होती. हा उपाय अडाणी नाही बरे. उघडलेली बाटली पंचवीसेक अंशांत चार आठवडे चालते, आणि मडके तेवढे करते. पण न उघडलेल्या बाटलीला दोन ते आठ अंशच लागतात. शेजारी कितीही भले असले तरी रात्री-अपरात्री त्यांचे दार किती वेळा वाजवायचे? भावोजी बोलत नव्हते, पण संकोच दिसत होता.

दुकानदाराचा नाद सोडून एका जुन्या मेकॅनिकला बोलावले. साठीचा माणूस, मूळ रेल्वे वर्कशॉपकडचा, मराठी हुबळीची, वाक्याच्या शेवटी 'री' चिकटलेली. त्याने येताच हत्यारांची पेटी उघडली नाही. जमिनीवर मांडी घालून बसला आणि ताईला विचारले, "अक्का, पहिल्यांदा बर्फ कुठला गेला? वरचा का बाजूचा?" मला तिथेच वाटले की माणूस कामाचा आहे. आम्ही कारकून लोक फाईल हातात आली की शेवटचा शेरा आधी वाचतो. हा पहिला कागद मागत होता.

मग त्याने एकेक गोष्ट बाद करत आणली. आधी वीज. मीटर लावून पाहिले, दुपारी २१० व्होल्ट. संध्याकाळी दाब उतरला तर कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो आणि टिक करून बंद पडतो. इथे तो सलग चालत होता, म्हणजे रिले आणि ओव्हरलोड ठीक. मग दार. दहाची नोट दारात अडकवून ओढली, चारही बाजूंनी घट्ट लागली. नवे रबर होते ना! मग थर्मोस्टॅट. त्याच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडल्या, फरक शून्य. मग मागची जाळी. भिंतीपासून वीतभर पुढे ओढून त्याने तिच्यावर तळहात ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. कोमटसुद्धा नव्हती. "आतून गर्मी उचलली नाही तर बाहेर काय टाकणार री?" शेवटी फ्रीजर. फ्रीजरभर पातळ बर्फ धरायला हवा होता. तिथे नळी आत शिरते त्या जागी तळहाताएवढा पांढरा डाग आणि बाकी सारा पत्रा घामेजलेला.

इथे निदानाची खरी मेख आहे. असा अर्धामुर्धा बर्फ दोन कारणांनी पडतो. एक, गॅस कमी. दोन, गॅस पुरेसा आहे पण केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीत कचरा किंवा पाण्याचा थेंब अडकून वाट तुंबली. चालत्या यंत्रावर दाब मोजला तर दोन्ही रोगांत काटा खालीच दिसतो, आणि घाईचा मेकॅनिक तिथेच फसतो. या गृहस्थाने फ्रीज बंद केला, चहा घेतला, धारवाडच्या पावसावर आणि गंगूबाई हनगलांच्या आवाजावर (त्या हुबळीतच राहिल्या, २००९ मध्ये गेल्या) पंधरा मिनिटे बोलला, आणि मग नळीला व्हॉल्व्ह लावून स्थिर दाब पाहिला. नळी तुंबलेली असती तर यंत्र थांबल्यावर गॅस हळूहळू पसरून काटा चांगला वर आला असता. काटा जेमतेम हलला. म्हणजे आत गॅसच नव्हता. "सोरतैत्री," तो म्हणाला. गळतो आहे.

नायट्रोजन भरून, साबणाचा फेस ब्रशने लावत तो सांध्यासांध्यावरून गेला. सांधे सारे कोरडे. बुडबुडा आला फ्रीजरच्या तळाला, मागच्या कोपऱ्यात, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी. त्याने नखाने खरवडले तर चंदेरी रंगाखाली राखाडी लांबीचा ठिपका. कधीतरी कोणीतरी सुरीने बर्फ खरवडताना अल्युमिनियमच्या पत्र्यातल्या गॅसच्या वाटेला भोक पाडले होते, आणि ते लांबीने बुजवून वर रंग दिला होता. थंडी-गर्मीने पत्रा आकसतो आणि फुगतो, लांबी तशी हलत नाही. कडेने केसभर फट पडते. तीन आठवडे टिकेल अशी ती दुरुस्ती होती, आणि हमी चार आठवड्यांची! दुकानदाराचे गणित एका आठवड्याने चुकले होते एवढेच.

भोक सापडले. आता दुसरा प्रश्न उभा राहिला, भरायचा कोणता गॅस? मागच्या पाटीवर लिहिले होते, आर-१२, १२० ग्रॅम. म्हणजे फ्रीज २००३ च्या आधीचा. आणि इथे मिजलीची ती मेणबत्ती पुन्हा आठवते. त्याचा निरुपद्रवी वायू कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून तो नष्टही होत नाही. जगभरच्या गळक्या फ्रीजांतून सुटलेला गॅस वर वर चढत गेला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोघांनी सांगितले की तिथे अतिनील किरणांनी तो फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ओझोनला पडलेले खिंडार मोजूनच दाखवले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला, २००३ पासून आपल्याकडे नव्या फ्रीजमध्ये हा वायू भरण्यास बंदी आली, आणि १ जानेवारी २०१० पासून त्याचे उत्पादन जगभर थांबवायचे ठरले. दुकानदाराने एप्रिलनंतर आठशे रुपयांत जे काही भरले ते काय होते कोण जाणे. मेकॅनिकच्या मते भेसळ.

मोठे करार असे होतात, पण ते पाळायचे कोणी? माँट्रियलला सह्या करणाऱ्यांनी नव्हे, सायकलवर गॅसची नळकांडी बांधून फिरणाऱ्या लाखो मेकॅनिकांनी. हे कोणाच्या तरी ध्यानात आले हे आपले भाग्य. स्वित्झर्लंडच्या मदतीने 'हायडेकोर' नावाचा कार्यक्रम त्या काळात भारतात चालला, त्यातून अशा छोट्या दुरुस्तीवाल्यांना नव्या वायूंचे शिक्षण दिले गेले. आमच्या मेस्त्रीने तसे शिक्षण घेतलेले होते, आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले होते.

त्याने दोन वाटा सांगितल्या. १३४-ए भरायचा तर कॉम्प्रेसरमधले तेल बदलावे लागते. जुन्या खनिज तेलाशी त्या वायूचे पटत नाही. दुसरी वाट हायड्रोकार्बनची, प्रोपेन आणि आयसोब्यूटेन निम्मे निम्मे. जुन्या तेलाशी पटते, ओझोनला धक्का नाही, आणि लागतो किती? पाटीवरच्या वजनाच्या चाळीस टक्के. फक्त हा पेटतो. तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. ताईने पदर तोंडाला लावला. भावोजी मात्र पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "ओट्याखाली चौदा किलो ठेवतोच की. हा तर पन्नास ग्रॅम."

नवा फ्रीजर हुबळीहून आणला. अल्युमिनियमला तांबे घरी जोडणे सोपे नसते, म्हणून त्याला तांब्याची शेपटी कारखान्यातूनच जोडून येते. जुना ड्रायर काढून नवा घातला. आतल्या थर्मोस्टॅटची आणि दिव्याच्या बटणाची ठिणगी उघड्यावर उडू नये म्हणून दोन्ही सीलबंद केली. पाऊण तास व्हॅक्युम पंप चालवला. तो म्हणाला, हवेचा नव्हे, पाण्याचा एक थेंब आत राहिला तरी कॅपिलरीच्या तोंडाशी त्याचा बर्फ होऊन सगळे मुसळ केरात. मग सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर नळकांडे ठेवून त्याने गॅस सोडला, आणि अठ्ठेचाळीस ग्रॅमला हात थांबला. 'बोटाच्या अंदाजाने' भरणारे पुष्कळ पाहिले होते, वजनाने भरणारा मी पहिलाच पाहिला. सगळे मिळून बावीसशे रुपये झाले. नव्याच्या चौथा हिस्साही नव्हे, पण जुन्याच्या निम्म्याहून जास्त.

संध्याकाळी सातला जाळी तापली. आठला फ्रीजरभर पांढरी साय धरली. रात्री ताईने खालच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात तापमापक बुडवून ठेवला, आणि सकाळी तो सहावर होता. शेजाऱ्यांकडच्या बाटल्या आणायला भावोजी स्वतः गेले. जाताना पेढ्याचा पुडा नेला.

मेकॅनिक निघताना पुन्हा फ्रीजच्या मागे वाकला होता. जुनी पाटी त्याने खरवडली नाही. तिच्या खाली लाल रंगाने कानडीत आणि इंग्रजीत लिहिले, हायड्रोकार्बन, ४८ ग्रॅम, ज्वालाग्राही, आणि तारीख. "मी नसलो तर पुढच्याला कळायला पाहिजे री." पुढे आठ वर्षे तो फ्रीज चालला. २०१९ मध्ये कॉम्प्रेसर गेल्यावर ताईने तो भंगारवाल्याला दिला तेव्हा ते लाल अक्षर अजून वाचता येत होते.